आईला झाला म्हणून मुलीला होणारच का? कॅन्सरचा हा प्रश्न उंदरांना विचारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

जुन्या औंध संस्थानाचा बराचसा मुलूख आज सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत विभागला गेलाय. औंध एकीकडं, आटपाडी आणि कुंडल दुसरीकडं. पण या पट्ट्यात कुणाच्या छातीत गाठ लागली किंवा आतड्यात काहीतरी भलतंच निघालं, की दोन्हीकडं एकच सल्ला मिळतो. टाटाला दाखवा. मुंबईतल्या परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं पूर्ण नाव घ्यायची गरजही पडत नाही.

पेशंट टाटाला गेला की मागं घरात दुसरी चर्चा सुरू होते, बहुतेकदा कुजबुजत. आईला झालाय, मावशीलाही होता, मग मुलीला होणार का? तिच्या लग्नाच्या वेळी पाहुण्यांना सांगायचं की नाही? आणि याच भीतीनं अनेक घरांतल्या बायका गाठ अंगावर काढतात. कुणाला सांगत नाहीत, दाखवत नाहीत. सांगतात तेव्हा उशीर झालेला असतो.

आईचा कॅन्सर मुलीकडं जातो का, हा प्रश्न ८० वर्षांपूर्वी त्याच टाटामधल्या एका लॅबमध्ये एक पुणेकर तरुणी सोडवत बसली होती. तिच्यासमोर पेशंट नव्हते, उंदीर होते.

तिचं नाव कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगल उघडल्यावर डूडलमध्ये मायक्रोस्कोप घेऊन बसलेली एक बाई दिसली होती, आठवतंय का? त्या याच. त्या दिवशी त्यांचा १०४ वा वाढदिवस होता. डूडल एका दिवसात गेलं, पण त्यांनी ज्या प्रश्नावर काम केलं तो आजही आपल्या घरात आहे. म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

वडिलांना डॉक्टर हवी होती, मुलगी सीताफळाकडं वळली

कमल यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आईचं नाव शांताबाई. मुलींना चौथीपर्यंत शिकवलं तरी पुष्कळ, असं मानणाऱ्या काळात या घरानं मुलीला हुजूरपागेत घातलं. पुण्यातली ही मुलींची शाळा १८८४ पासून सुरू आहे.

मुलगी हुशार होती. तिनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, असं वडिलांच्या मनात होतं. तिनं दोन्ही केलं नाही.

फर्ग्युसनमधून वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र घेऊन पदवी मिळवली. नंतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेली आणि १९४३ मध्ये एमएस्सी झाली. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं.

आता सीताफळाचा आणि कॅन्सरचा काय संबंध? तसा काहीच नाही. पण गुणसूत्रांचा आहे. झाड असो, उंदीर असो की माणूस, आईबापाकडून पोरांकडं काय जातं याचा हिशेब पेशीतल्या गुणसूत्रांत असतो. तो हिशेब मायक्रोस्कोपखाली वाचायची सवय कमल यांना सीताफळानं लावली.

दरम्यान १३ मे १९३९ ला त्यांचं लग्न झालं. नवरा जे. टी. रणदिवे, डॉक्टर नाही तर गणितज्ञ. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या, आणि तिथून त्यांची वाट टाटाकडं वळली.

सर भेटले ते खानोलकर

टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई यांचं १९३१ मध्ये ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं निधन झालं होतं. त्या दुःखातून हे हॉस्पिटल उभं राहिलं.

तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. लंडन विद्यापीठातून एमडी झालेले पॅथॉलॉजिस्ट. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून आजही त्यांचं नाव घेतलं जातं. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ मायक्रोस्कोपखाली पाहून ती कॅन्सरची आहे का, कुठल्या प्रकारची आहे, हे सांगणं हे पॅथॉलॉजिस्टचं काम. पण खानोलकरांना त्यापुढचा प्रश्न छळायचा. हा कॅन्सर याच माणसाला का झाला?

त्यांच्यासमोर मुंबईच होती. वेगवेगळ्या जातीधर्मांचे लोक एकाच शहरात राहायचे, पण लग्नं आपापल्या समाजातच करायचे. खाणं वेगळं, सवयी वेगळ्या, आणि कॅन्सरही वेगळे. तंबाखू खाणाऱ्यांत तोंडाचा कॅन्सर जास्त. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा जास्त. मग हे रक्तातून येतं की राहणीमानातून? ते शोधण्यासाठी खानोलकरांनी डॉ. एल. डी. संघवी यांच्यासोबत मुंबईतल्या सहा समाजांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक खुणा तपासल्या. तो अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज ज्याला आपण जेनेटिक मार्कर म्हणतो, त्याची ही आपल्याकडची अगदी सुरुवातीची पायरी. तेव्हा डीएनए वाचता येत नव्हता, म्हणून रक्तगटासारख्या खुणांवरून वारसा ओळखायचा.

याच खानोलकरांच्या हाताखाली कमल रणदिवे पीएचडी करू लागल्या.

उंदरांचे चार वंश

माणसांवर वारशाचा प्रयोग करता येत नाही. एक तर नैतिक कारणानं, आणि दुसरं म्हणजे तीन पिढ्या पाहायच्या तर संशोधकाचं आयुष्य संपतं. उंदराच्या तीन पिढ्या वर्षभरात होतात.

प्रयोगशाळेतले हे उंदीर साधे नसतात. २० किंवा त्याहून जास्त पिढ्या सख्ख्या भावंडांतच प्रजनन घडवलं, की त्या वंशातले सगळे उंदीर जवळपास जुळ्या भावंडांसारखे एकसारखे होतात. काही वंश असे, की त्यातल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कॅन्सर होतो. काही असे, की क्वचितच होतो.

कमल यांनी असे चार वंश घेतले. काहींत कॅन्सरचा धोका जास्त, काहींत कमी. आणि त्यांनी गाठी नाही तपासल्या. निरोगी स्तनग्रंथी तपासल्या. म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच या ग्रंथींच्या रचनेत काही फरक दिसतो का, हे पाहिलं. या कामावर त्यांना १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली.

ही दिशाच महत्त्वाची होती. आजार झाल्यावर उपचार करणारे पुष्कळ होते. आजार व्हायच्या आधी अंगात काय असतं, हे शोधणारे थोडे.

दूधआईचा चमत्कार

इथं एक जुना प्रयोग माहीत असायला हवा. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर नावाच्या संशोधकानं दाखवलं, की कॅन्सरचा जास्त धोका असलेल्या वंशातली पिल्लं जन्मल्याबरोबर कमी धोक्याच्या मादीला पाजायला दिली, तर मोठेपणी त्यांच्यात कॅन्सर कमी होतो.

म्हणजे जन्मदातीचा वारसा तोच, पण दूधआई बदलली आणि नशीब बदललं. पुढं कळलं की त्या दुधात एक विषाणू असतो, तो पिल्लांकडं जातो.

जगभरातले संशोधक या कोड्यात पडले. वारसा आहे, विषाणू आहे आणि हार्मोन्सही आहेत. तिघांचं गणित काय? कमल रणदिवे यांचं पुढचं बरंचसं काम याच गणितावर आहे. कॅन्सर होण्याची प्रवृत्ती, शरीरातली हार्मोन्स आणि गाठी निर्माण करणारा विषाणू यांचं नातं त्यांनी उंदरांत तपासलं. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं, ते या कामामुळं.

आणि निष्कर्ष एका ओळीत सांगायचा तर असा. वारशानं आजार येत नाही, आजाराची शक्यता येते. ती प्रत्यक्षात उतरते का, हे बाकीच्या गोष्टींवरही अवलंबून असतं.

मग बाईच्या दुधाचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो संशोधकांच्याही मनात आला होता. उंदरिणीच्या दुधात विषाणू, तर बाईच्या दुधात? १९७१ मध्ये नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात मुंबईतल्या पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले होते. अभ्यास करणाऱ्यांमध्ये मुंबईच्या याच संस्थेतल्या डॉ. सत्यवती सिरसाट होत्या. काही नमुन्यांत उंदराच्या विषाणूसारखे कण दिसल्याचं त्यात म्हटलं होतं आणि खळबळ उडाली.

पण पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. अंगावर पाजल्यानं मुलीला स्तनाचा कॅन्सर होतो, याला आजवर पुरावा मिळालेला नाही. उलट बाळाला अंगावर पाजल्यानं आईचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी होतो, हे पक्कं झालं आहे. त्यामुळं व्हॉट्सॲपवर कुणी उंदराची ही अर्धी गोष्ट पाठवली, तर उरलेली अर्धी तुम्ही पाठवा.

बाल्टिमोरहून आणलेली विद्या

पीएचडीनंतर कमल रणदिवे अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या. जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये त्या टिश्यू कल्चर शिकल्या. म्हणजे शरीरातल्या पेशी बाहेर काढून काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायच्या, वाढवायच्या. याच गाय यांच्या लॅबमध्ये १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या पेशंटच्या कॅन्सरच्या पेशी वाढवल्या गेल्या. हिला पेशी म्हणून त्या आजही जगभर वापरल्या जातात.

परतल्यावर कमल रणदिवे खानोलकरांनी उभारलेल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात रुजू झाल्या आणि तिथं देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. पेशी वाढवायला जे पोषक द्रव लागतात ते बाहेरून मागवणं महाग पडायचं. १९६० च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांसोबत ते इथंच बनवायला घेतले. परदेशात शिकायला गेलेल्या भारतीय शास्त्रज्ञांना परत येण्यासाठी गळ घातली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली.

या टिश्यू कल्चरमधून आणखी एक काम झालं. कुष्ठरोग्यांच्या गाठींतून १९५८ मध्ये एक जीवाणू वेगळा काढून वाढवण्यात आला. डॉ. सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांचं हे काम. पुढं त्या जीवाणूवर आधारित कुष्ठरोगाची लस बनली आणि तिच्या माणसांवर चाचण्याही झाल्या.

इकडं लॅब, तिकडं ऑपरेशन थिएटर

ही लॅब चालू होती तेव्हा हॉस्पिटलच्या बाजूला काय चाललं होतं?

स्तनाच्या कॅन्सरचं तेव्हाचं ऑपरेशन म्हणजे बाईसाठी दिव्य होतं. १९ व्या शतकाच्या शेवटी जॉन्स हॉपकिन्समध्येच डॉ. विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेली ही पद्धत. पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. हात सुजायचा, वर उचलताना त्रास व्हायचा. विचार असा होता, की जितकं जास्त कापू तितकं बरं.

टाटामध्ये त्या पिढीतलं मोठं नाव म्हणजे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस. आज हॉस्पिटलचा पत्ता लिहिताना जो डॉ. ई. बोर्जेस रोड लिहावा लागतो, ते हेच.

१९७० आणि ८० च्या दशकांत इटलीत उम्बेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासांनी चित्र बदललं. गाठ लहान असेल तर फक्त गाठ आणि भोवतीचा भाग काढून रेडिएशन दिलं, तरी बाई तितकीच जगते, हे सिद्ध झालं. किती कापायचं हे सर्जनच्या हिमतीवर नाही, तर गाठीच्या स्वभावावर ठरू लागलं. आणि गाठीचा स्वभाव लॅब सांगते. ती हार्मोनवर वाढणारी आहे का, तिच्यावर हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, हे आता प्रत्येक पेशंटमध्ये तपासतात. स्तनाच्या गाठीत हार्मोन्सचं काय काम असतं, हा कमल रणदिवे यांनी उंदरांत विचारलेला प्रश्न आता पेशंटच्या रिपोर्टवर छापून येतो.

मग वारशाचं कोडं सुटलं का?

बऱ्याच अंशी. १९९० मध्ये अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं, की काही कुटुंबांतल्या स्तनाच्या कॅन्सरचं मूळ १७ व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये तो जीन सापडला, बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी बीआरसीए-२ मिळाला. आतड्याच्या कॅन्सरमध्येही हेच घडलं. पिढ्यानपिढ्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर होणाऱ्या घरांत लिंच सिंड्रोम नावाचा दोष असतो, त्यामागचे जीन १९९३-९४ मध्ये सापडू लागले. कमल रणदिवे तेव्हा हयात होत्या.

आता घरातल्या त्या कुजबुजीकडं परत येऊ. स्तनाच्या कॅन्सरच्या १०० पेशंटपैकी साधारण ५ ते १० जणींमध्येच तो असा सरळ वारशातून आलेला असतो. बाकीच्यांमध्ये नाही. म्हणजे आईला झाला म्हणून मुलीला होणारच, हे चूक.

ज्यांच्यात बीआरसीएचा दोष आहे, त्यांचा धोका मात्र खरंच मोठा असतो. परदेशातल्या अभ्यासांनुसार अशा १०० पैकी ६० हून जास्त जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. पण तिथंही उरलेल्यांना होत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. हा दोष वडिलांकडूनही येतो. त्यामुळं फक्त आई-मावशीकडं पाहून चालत नाही, आत्या आणि आजीकडंही पाहावं लागतं. आईबापांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तो नशिबाचा भाग आहे, कुणाचाही दोष नाही. सुनेच्या माहेराला बोल लावण्यात काहीच अर्थ नाही.

घरात कमी वयात कॅन्सर झाला असेल, एकाच बाजूच्या दोन-तीन जणांना झाला असेल, एखाद्या बाईला स्तन आणि अंडाशय दोन्हीचा झाला असेल, किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना जीन तपासणीबद्दल विचारावं. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर ती होते. शक्य असेल तर आधी आजारी व्यक्तीची तपासणी करतात, मग नातेवाइकांची.

दोष सापडला तर? लगेच ऑपरेशन, असं नाही. काहींना लवकर वयापासून एमआरआय आणि मॅमोग्राफी करत लक्ष ठेवता येतं. काही जणी विचार करून आधीच स्तन किंवा अंडाशय काढून घेतात. लिंच सिंड्रोममध्ये वयाच्या २० ते २५ पासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी सुचवतात, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं तपासतात. गाठीचं रूपांतर कॅन्सरमध्ये व्हायच्या आधीच ती काढून टाकता येते. आणि तपासणीत दोष नाही असं निघालं, तर त्या मुलीच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरतं.

निवृत्तीनंतरही थांबल्या नाहीत

१९७३ मध्ये कमल रणदिवे यांनी ११ सहकाऱ्यांसोबत इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. घर, मुलं आणि लॅब सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञ बायकांना आधार मिळावा म्हणून. ही संस्था आजही काम करते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. कॅन्सर आणि कुष्ठरोगावर त्यांचे २०० हून जास्त शोधनिबंध आहेत.

नंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांकडं वळल्या. मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, तिथल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. ज्या बाईनं आयुष्यभर पेशींत काय लिहिलंय ते वाचलं, ती शेवटी ताटात काय वाढलंय ते पाहायला गेली. दोन्हींचा संबंध तिच्याइतका कुणाला कळणार?

२००१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची संस्था पुढच्याच वर्षी परळहून नवी मुंबईत खारघरला नव्या जागेत गेली. ॲक्ट्रेक हे तिचं आजचं नाव.

औंध असो की आटपाडी, यापुढं घरात ती कुजबुज सुरू झाली तर एक करता येईल. वही घ्यायची आणि आजी, आत्या, काका, मावशी, कुणाला कुठला कॅन्सर कितव्या वर्षी झाला ते लिहून काढायचं. टाटाला किंवा जवळच्या कुठल्याही कॅन्सर हॉस्पिटलला जाताना ती वही सोबत न्यायची. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. आणि लपवलेल्या आजारापेक्षा लिहून ठेवलेला आजार पुढच्या पिढीला जास्त उपयोगी पडतो.